कोठीची रेसिडेन्सी आणि मराठवाडा : वारसावास्तूचा वर्धापनदिन कसा साजरा करावा?

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील एखाद्या शाळेने 'इंग्रजांच्या काळातील एक घर पाहून या' असे विद्यार्थ्यांना सांगितले, तर विद्यार्थ्यांची मोठी पंचाईत होईल. किल्ले दाखवता येतील : कंधार, उदगीर, औसा. मंदिरे, दर्गे, गुरुद्वारा, जुने वाडे दाखवता येतील. परंतु पुणे, नाशिक किंवा अहिल्यानगर येथे आढळतात तसे कलेक्टरसाहेबांचे जुने बंगले आपल्याकडे नाहीत. याचे कारण वाचकांना विदित आहेच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टर नसून अव्वल तालुकदार असे आणि त्याची नेमणूक हैदराबादहून होई.

तरीही इंग्रजी सत्तेचे एक घर आपल्याही वाट्याला आले होते. ते नांदेडात किंवा लातुरात नव्हते. ते हैदराबाद शहरात, मुशी नदीच्या उत्तर तीरावर उभे राहिले आणि आजही उभे आहे. त्या घराला 'रेसिडेन्सी' म्हणत. आज त्या भागाला लोक 'कोठी' या नावानेच ओळखतात. मराठीत कोठी म्हटले की धान्य साठवण्याची जागा आठवते. उर्दूत मात्र कोठी म्हणजे मोठा बंगला. हैदराबादच्या या कोठीच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात, हे पुढील माहितीवरून लक्षात येईल.

या वास्तूच्या बांधकामाचा प्रारंभ १८०३ च्या सुमारास झाला. त्यानुसार २०२८ साली तिला सव्वादोनशे वर्षे होतील. अशा प्रसंगी सोहळे होतात, दिव्यांची रोषणाई होते, छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. पण परक्या सत्तेने बांधून घेतलेल्या घराचा वर्धापनदिन ज्यांच्या पूर्वजांनी त्याची किंमत मोजली त्यांनी कसा साजरा करावा, हा प्रश्न राहतोच. प्रस्तुत लेखात या वास्तूचा परिचय करून देऊन या प्रश्नाचा विचार केला आहे.

रेसिडेन्सी म्हणजे काय?

ईस्ट इंडिया कंपनी देशी राजांच्या दरबारात आपला एक प्रतिनिधी ठेवीत असे. त्याला 'रेसिडेंट' म्हणत आणि त्याच्या निवासस्थानाला व कचेरीला 'रेसिडेन्सी'. नावाने तो वकील. प्रत्यक्षात मात्र अनेक दरबारांत त्याच्या संमतीवाचून महत्त्वाचा निर्णय होणे अवघड होऊन बसले. पुणे, नागपूर, ग्वाल्हेर, लखनौ अशा अनेक ठिकाणी रेसिडेंट होते. हैदराबादचे पद त्यांत विशेष मानाचे, कारण संस्थान आकाराने मोठे होते.

हैदराबादेत कंपनीचे वजन वाढण्यास मराठवाड्याच्या सीमेवरील एक लढाई कारण झाली. ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे मराठ्यांनी निजाम अली खान याचा पराभव केला. कंपनीने त्या युद्धात निजामाला साहाय्य केले नव्हते. पराभूत निजामाने आधी आपल्या पदरी असलेल्या फ्रेंच सरदारांच्या पलटणींवर भिस्त ठेवली. तथापि १ सप्टेंबर १७९८ रोजी त्याने कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौज बरखास्त झाली. १८०० साली आणखी एक तह होऊन हे बंधन अधिक घट्ट झाले. या काळात कंपनीच्या वतीने सूत्रे हलवणारा अधिकारी होता जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक. तो १७९८ ते १८०५ या काळात हैदराबादचा रेसिडेंट होता. आज आपण पाहतो ती वास्तू त्याने बांधून घेतली.

वास्तूचा परिचय

रेसिडेन्सीचा आराखडा मद्रास इंजिनियर्समधील लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याने तयार केला. तो जॉन रसेल या इंग्लंडमधील नामवंत चित्रकाराचा मुलगा. वास्तूची शैली युरोपातील तत्कालीन अभिजात शैली होय. दर्शनी भागी रुंद पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सिंहांच्या मूर्ती, वर कोरिंथियन पद्धतीचे सहा उंच स्तंभ आणि त्यांच्या माथ्यावरील त्रिकोणी भागात कंपनीचे मानचिन्ह, अशी तिची रचना आहे. आत भव्य दरबार हॉल असून त्यामागे दोन बाजूंनी वर जाणारा जिना आहे. अमेरिकेतील व्हाईट हाऊस साधारण याच पिढीतले. त्यामुळे पाहणारे पुष्कळदा या दोन वास्तूंची तुलना करतात.

या बांधकामाचा खर्च निजामाने केला. याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. कर्कपॅट्रिकने नियोजित जागेचा मोठा नकाशा निजामापुढे मांडला, तेव्हा निजामाने तो नाकारला. नकाशाचा कागद एवढा मोठा होता की, आपले अर्धे राज्यच मागितले जात आहे असे त्याला वाटले. पुढे तीच जागा लहानशा कागदावर काढून दाखवली, तेव्हा मंजुरी मिळाली. आख्यायिकेतील तपशील कसाही असो, तिच्यात एक सत्य दडलेले आहे. कागद लहान झाला म्हणून जागा लहान झाली नाही, आणि खर्चही लहान झाला नाही. दरबाराच्या तिजोरीत येणारा पैसा हा मुख्यतः जमीन महसुलाचा होता. तो मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकातील रयतेच्या शेतातून येत होता. नांदेडच्या गोदाकाठच्या ज्वारीचा अंश या स्तंभांत आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. कोठी या शब्दाचा मराठी अर्थही येथे लागू पडतो तो असा.

पडद्याआडची एक माता

या वास्तूचा इतिहास केवळ तहांचा नाही. कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या एका प्रतिष्ठित सय्यद घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी विवाह केला. या विवाहामुळे दरबारात आणि कंपनीच्या वरिष्ठ वर्तुळातही खळबळ उडाली व चौकशी झाली. रेसिडेन्सीच्या आवारात खैरुन्निसासाठी 'रंगमहाल' नावाचा स्वतंत्र जनाना बांधण्यात आला. पडद्याच्या रीतीमुळे तिला मुख्य वास्तूत वावरता येत नसे. म्हणून तिच्या बागेत त्या वास्तूची एक छोटी प्रतिकृती उभारली गेली, असे परंपरेने सांगतात. रंगमहालाचा बहुतेक भाग पुढे पाडण्यात आला. प्रतिकृती मात्र आजही पाहावयास मिळते.

या दांपत्याला दोन मुले झाली. १८०५ साली दोघांनाही शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी कर्कपॅट्रिकचे कलकत्ता येथे निधन झाले. वास्तू पूर्ण होण्याआधीच तिचा निर्माता गेला. खैरुन्निसा १८१३ साली ऐन तारुण्यात वारली. आपली मुले तिला पुन्हा दिसली नाहीत. मुलांना इंग्लंडमध्ये नवी नावे मिळाली. कन्या कॅथरीन, जिला किटी म्हणत, ती तेथेच वाढली. इंग्रज लेखक थॉमस कार्लाइल याच्या परिचितांमध्ये तिची गणना होई. विल्यम डॅलरिंपल यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या 'व्हाईट मुघल्स' या ग्रंथामुळे ही कथा जगभर पोहोचली.

मोठ्या घरांच्या इतिहासात मालकाचे नाव दारावर कोरले जाते. त्या घरातल्या स्त्रीचे दुःख मात्र कोठेच कोरलेले नसते. वर्धापनदिन साजरा करताना ही उणीव भरून काढणे, हे पहिले कर्तव्य ठरते.

रेसिडेन्सीचे निर्णय आणि मराठवाड्याचे भोग

रेसिडेंटच्या देखरेखीखाली 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज, पण तिचा खर्च निजामाने द्यावयाचा. या फौजेच्या छावण्या मराठवाड्यात होत्या : औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई. या गावांतील 'छावणी', 'कॅम्प' अशी स्थळनामे त्या काळाच्या खुणा होत.

फौजेचा खर्च वेळेवर देता येईना, तेव्हा दरबार कर्जात बुडाला. सावकारी पेढ्यांनी भरमसाट व्याज लावले. विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादमधील पेढीचे प्रकरण तर १८२० च्या दशकात लंडनपर्यंत गाजले. अखेर १८५३ साली रेसिडेंट कर्नल लो याच्या कारकिर्दीत नवा तह झाला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा प्रदेश कंपनीच्या कारभाराखाली गेला. त्यांपैकी रायचूर दुआब आणि धाराशिवचा भाग १८६० साली निजामाला परत मिळाला. वऱ्हाड परत मिळाला नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला. त्याच सुमारास, १९०३ मध्ये, कंटिंजंट फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाली.

लातूरच्या वाचकांनी यातील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आजचा लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे लातूरच्या शेजारचा आणि पुढे दीर्घकाळ त्याच जिल्ह्यात असलेला मुलूख १८५३ ते १८६० अशी सात वर्षे थेट इंग्रजांच्या कारभारात होता. तेथे नेमलेला अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर. ठगांविषयीची त्याची कादंबरी १८३९ साली इंग्लंडमध्ये गाजली होती. नळदुर्ग येथे राहून त्याने महसुलाची व्यवस्था आणि रस्त्यांची कामे पाहिली. १८५७ मध्ये त्याची बदली बुलढाण्यास झाली. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या प्रदेशाचे वर्णन आहे. आपल्या भागाच्या इतिहासाचे ते एक साधन आहे; ते वाचताना राज्यकर्त्याची नजर आणि रयतेची नजर यांतील अंतर ध्यानात ठेवावे, एवढेच.

१७ जुलै १८५७

रेसिडेन्सीच्या इतिहासातील सर्वांत रक्तरंजित दिवस मराठवाड्याशी जोडलेला आहे. १८५७ च्या जून महिन्यात औरंगाबादच्या छावणीतील कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष उफाळला. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध आपण लढणार नाही, अशी स्वारांची भावना होती. उठाव कठोरपणे मोडण्यात आला आणि अनेकांना देहान्त शासन झाले. आज ज्याला क्रांती चौक म्हणतात, त्या छत्रपती संभाजीनगरातील पूर्वीच्या काळ्या चबुतऱ्याचे नाव या घटनांशी निगडित आहे.

फौजेतून निसटलेला जमादार चीदा खान आपल्या काही साथीदारांसह हैदराबादेस पोहोचला. दरबाराने त्याला पकडून रेसिडेंटच्या स्वाधीन केले. त्याच्या सुटकेच्या मागणीसाठी १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांच्या जमावाने रेसिडेन्सीवर हल्ला चढवला. रात्रभर गोळीबार चालला. तोफांपुढे हल्लेखोरांचा टिकाव लागला नाही. पुढे तुर्रेबाज खान पकडला गेला, तुरुंगातून निसटला आणि १८५९ च्या जानेवारीत मारला गेला. मौलवी अल्लाउद्दीन यांना अंदमानात पाठवण्यात आले. तेथेच त्यांचा अंत झाला. कोठी भागात त्यांच्या स्मरणार्थ स्मारक उभे आहे.

एकाच चौकात एका बाजूला रेसिडेन्सी आणि दुसऱ्या बाजूला तिच्यावर चालून गेलेल्यांचे स्मारक, हे दृश्य उद्बोधक आहे. दोन्ही जपली पाहिजेत. एक पाडून दुसरे उजळत नाही.

रेसिडेन्सीच्या सावलीतील मराठी

इतिहास नेहमी एकाच रंगाचा नसतो. रेसिडेन्सीच्या भोवती 'रेसिडेन्सी बाजार' वसला होता. तेथे निजामाचा नव्हे, तर ब्रिटिशांचा कारभार चाले. हाच भाग पुढे निजामाकडे सोपवला गेला आणि 'सुलतान बाजार' म्हणून प्रसिद्धीस आला. संस्थानात सभा-संमेलनांवर अनेक निर्बंध असताना या हद्दीत सार्वजनिक कार्याला काहीशी मोकळीक मिळे. १९०१ साली तेलुगू भाषेसाठी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय याच परिसरात सुरू झाले. मराठी माणसांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था कोठीच्या जवळच उभी केली. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांची नावे त्या कार्याशी जोडलेली आहेत. मराठवाड्यातून हैदराबादेस शिकावयास गेलेल्या अनेक पिढ्यांना या संस्थांचा आधार मिळाला.

रेसिडेन्सीने मराठवाड्याचे हित साधले, असा याचा अर्थ नव्हे. परक्या घराच्या भिंतीलगत जी थोडी सावली पडली, तिचा उपयोग आपल्या माणसांनी शहाणपणाने करून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

दरबाराचे महाविद्यालय झाले

१९४७ नंतर रेसिडेंटचे पद संपले. १९४९ साली उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय या वास्तूत आले. ज्या घराची केवळ प्रतिकृती पाहण्याची मुभा एका स्त्रीला होती, त्या घराच्या दरबार हॉलमध्ये हजारो मुलींनी शिक्षण घेतले. सव्वादोनशे वर्षांत या वास्तूला मिळालेला सर्वांत मोठा सन्मान कोणता, असे विचारले तर हाच, असे उत्तर द्यावे लागेल.

परंतु वापर झाला तरी निगा झाली नाही. छते गळू लागली, लाकूड कुजले, गिलावा निखळला. वर्ग इतरत्र हलवावे लागले. न्यूयॉर्क येथील वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २००२ च्या आपल्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला. त्यानंतर निधी उभारणे, अभ्यास करणे आणि प्रत्यक्ष काम करणे यांत दोन दशके गेली. दुरुस्त झालेली मुख्य वास्तू २०२३ च्या आरंभी लोकांसाठी खुली झाली. या दरम्यान महाविद्यालयाचे २०२२ मध्ये महिला विद्यापीठ झाले. २०२४ मध्ये त्याला चाकली ऐलम्मा यांचे नाव देण्याचा निर्णय झाला. ऐलम्मा या तेलंगणच्या शेतकरी लढ्यातील, धोबी समाजात जन्मलेल्या वीरांगना होत. रयतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या घराच्या आवारात अखेर रयतेतील एका स्त्रीचे नाव आले.

बोलारम येथील रेसिडेंटच्या दुसऱ्या निवासस्थानाचीही अशीच कथा आहे. १८६० सालची ती वास्तू आज राष्ट्रपती निलयम म्हणून ओळखली जाते. २०२३ पासून ती सामान्य नागरिकांसाठी वर्षभर खुली करण्यात आली आहे.

लातूरचा धडा : जुने घर सुरक्षित असले पाहिजे

वारशाविषयी लिहिताना लातूर जिल्ह्यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे प्राणास मुकली. त्यांतील बहुतेकांचा जीव त्यांच्या स्वतःच्या घरांनी घेतला. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद, ही आपल्या भागातील घरांची जुनी पद्धत. उन्हाळ्यात ती थंडावा देई. परंतु भिंतीतील दगड एकमेकांत गुंतलेले नसल्यामुळे धक्क्यासरशी भिंती फुटून ढासळल्या. जेथे लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा भक्कम होता, तेथे भिंती पडूनही छत काही ठिकाणी टिकून राहिले, असे तज्ज्ञांना आढळले.

म्हणूनच येथील माणसाला 'जुने ते सोने' असे सहज सांगता येत नाही. ज्याने ढिगाऱ्याखालून आपली माणसे बाहेर काढली, त्याला जुन्या भिंतीचे कौतुक सांगण्याआधी ती भिंत सुरक्षित आहे काय, याचे उत्तर दिले पाहिजे. भूकंपानंतर या भागात उभ्या घरांना मजबुती देण्याचे काम झाले. भिंतीच्या दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड बसवणे, छताखाली सर्व भिंतींना बांधणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा घालणे, माळवदावरील मातीचा थर कमी करणे, खांब-तुळयांना तिरके आधार देणे, हे उपाय गवंड्यांना शिकवण्यात आले. हे ज्ञान वाड्यांच्या, शाळांच्या आणि प्रार्थनास्थळांच्या जतनासाठीही तितकेच मोलाचे आहे. तथापि प्रत्येक जुन्या वास्तूची प्रकृती वेगळी असते. चुन्यातील बांधकामावर सरसकट सिमेंट थापल्याने ओल आत कोंडते आणि हानी होते. म्हणून जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेतल्याखेरीज काम करू नये.

नांदेड आणि लातूर येथे काय करता येईल?

मोठा वर्धापनदिन कसा असतो, हे नांदेडकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. श्री गुरु गोविंदसिंहजी यांचे १७०८ साली नांदेड येथे निर्वाण झाले. २००८ साली गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा देशविदेशांतून भाविक आले. त्या निमित्ताने रस्ते, घाट आणि विमानतळ यांची कामे झाली. सोहळा काही दिवसांचा होता; कामे मागे राहिली. हेच सूत्र लहान वास्तूंनाही लावता येईल. मांडव निघून गेल्यावर मागे काय राहिले, यावरून वर्धापनदिनाची पारख करावी.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वसाहतकाळाच्या खुणा प्रामुख्याने रेल्वेच्या रूपाने आहेत. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज लोहमार्ग एकोणिसावे शतक संपता संपता तयार झाला आणि नांदेड त्यावर आले. लातूरला बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद रुळांची गाडी १९११ साली पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या या रेल्वेने लातूरच्या बाजारपेठेला बळ दिले. ते अरुंद रूळ आता राहिले नाहीत. मार्ग रुंद झाला आहे. परंतु २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर तहानेने व्याकूळ झाले असताना मिरजेहून पाण्याची गाडी पंढरपूर आणि कुर्डुवाडीवरूनच आली. बार्शी लाइट रेल्वेने जोडलेली गावे ती हीच. वारसा म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू नव्हे, याचे यापेक्षा बोलके उदाहरण कोणते द्यावे?

गोव्यात पणजीच्या फोंतेन्हास भागातील रहिवाशांनी या शतकाच्या पहिल्या दशकात पोर्तुगीजकालीन घरांची दारे कलामहोत्सवासाठी उघडली. राहत्या घरांची काही दिवसांसाठी कलादालने झाली. तेथे वास्तू पाहणाऱ्याला घरातील माणसेही भेटली. आपल्याकडे १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह शाळांमधून साजरा होतो. त्या वेळी पुढील उपक्रम सहज घेता येतील.

१. वास्तूची जन्मपत्रिका तयार करावी. ती कोणी बांधली, केव्हा बांधली, पैसा कोठून आला, दगड-लाकूड कोठून आले, काम कोणत्या कारागिरांनी केले, हे पाच प्रश्न प्रत्येक जुन्या वास्तूला विचारावेत. ज्याचे उत्तर मिळत नाही, तेथे कल्पनेने रकाना भरू नये.

२. कागदपत्रांचा शोध घ्यावा. निजामकालीन दप्तर बहुतांशी फारसी आणि उर्दू भाषांत असून त्याचा मोठा संग्रह हैदराबाद येथील राज्य अभिलेखागारात आहे. घराघरांतील जुने दस्त मोडीतही सापडतात. मोडी आणि उर्दू वाचणारी पिढी विरळ होत चालली आहे. एखाद्या शाळेने वा ग्रामपंचायतीने दहा तरुणांना या लिप्या शिकवल्या, तरी तो मोठा वारसा-उपक्रम ठरेल.

३. वृद्धांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. हैदराबाद मुक्तिसंग्राम ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, ती माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांविषयी ग्रंथ उपलब्ध आहेत. परंतु गावोगावच्या सामान्य माणसाने काय सोसले, याची नोंद अनेक ठिकाणी झालेली नाही. हिंदू, मुस्लीम, शीख, ख्रिस्ती, दलित अशा सर्व घरांतील आठवणी ऐकाव्यात. त्या परस्परविरोधी असल्या तरी नोंदवाव्यात.

४. वास्तूफेरी काढावी. फेरीत मार्गदर्शकाबरोबर एक अनुभवी गवंडी आणि एक सुतार अवश्य असावा. कमान कशी उभी राहते, चुना कसा मळतात, खणाचे माप कसे धरतात, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही.

५. फेरीपूर्वी सुरक्षिततेची तपासणी करावी. तडे, ओल, वाळवी, सैल दगड, झुकलेली भिंत यांची नोंद घ्यावी. धोकादायक भागात मुलांना नेऊ नये. जमलेल्या वर्गणीतील निम्मा भाग तरी दुरुस्तीसाठी राखून ठेवावा.

६. फलक लावताना भाषांचा विचार करावा. हा प्रदेश मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड आणि पंजाबी या भाषांचा शेजार आहे. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा येथील माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. फलक किमान दोन भाषांत असावा.

समारोप

कोठीच्या रेसिडेन्सीला २०२८ साली सव्वादोनशे वर्षे होतील. नांदेडहून हैदराबादला रेल्वेने सहज जाता येते. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या सहली तेथे चारमिनार आणि गोवळकोंडा पाहून परततात. त्यांनी या वास्तूच्या पायऱ्यांपाशीही काही वेळ थांबावे. तेथे स्तंभांची उंची मोजावी. त्याचबरोबर हिंगोली आणि अंबाजोगाईच्या छावण्यांचा खर्च कोणी दिला, हे विचारावे. खैरुन्निसाच्या बागेतील छोटी प्रतिकृती पाहावी. चौकातील तुर्रेबाज खानाच्या स्मारकाजवळ क्षणभर स्तब्ध उभे राहावे. आणि त्या आवारात पुस्तके घेऊन चाललेल्या मुली पाहाव्यात.

घराचा वर्धापनदिन म्हणजे घरधन्याचा जयजयकार नव्हे आणि त्याच्या नावाने बोटे मोडणेही नव्हे. त्या घरासाठी ज्यांनी घाम गाळला, कर भरला, अश्रू ढाळले आणि रक्त सांडले, त्या सर्वांची नावे शक्य तितकी एकत्र आणणे, आणि त्या छताखाली उद्या बसणारे मूल सुरक्षित राहील अशी व्यवस्था करणे, म्हणजे वर्धापनदिन. एवढे साधले, तर रोषणाई नसली तरी चालेल.